सरळ बसलेली सुई

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलला, बँकेच्या काउंटरवर होते. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "इंदूआत्या गेली… झोपेतच." म्हसळ्याच्या पुढे आमच्या वाडीत पोचले तरी मला रडू आलं नाही. ते आलं जलदान विधीच्या दिवशी, आणि तेही दुःखाने नव्हे, संतापाने. वंदना झाली, माणसं आत्याबद्दल दोन शब्द बोलायला उठू लागली. समोरच्या घरातले भागुरामबाबा काठी टेकत उभे राहिले. वाडीच्या गायन पार्टीचे ते एकेकाळचे प्रमुख. घसा साफ करून म्हणाले, "इंदू आमच्या पार्टीत व्हती. मागं बसून टाळ वाजवायची. गुणी पोर." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझं रडू फुटलं ते 'टाळ' या शब्दावर. गेलेल्या माणसावरचा लेख मन निवल्यावर लिहावा म्हणतात. बरेच आठवडे वाट पाहिली, मन काही निवलं नाही, तेव्हा आहे तसंच लिहिते. भागुरामबाबांना 'ते' म्हणते आहे, ते फक्त वयाचा मान म्हणून.

आत्या टाळ वाजवत नव्हती. आत्या गायची. जयंतीच्या दिवसांत ही पार्टी मुरूडपासून पालीपर्यंत गावोगाव फिरायची आणि लोक यायचे ते आत्याच्या आवाजासाठी. ती तेव्हा मास्तरणीचं शिक्षण घेत होती. पार्टीची एकच रेकॉर्ड निघाली, छोटी, एका बाजूला एक गाणं. मुंबईला जाऊन सगळे एका माइकभोवती उभे राहिले आणि आत्या गायली. रेकॉर्ड छापून आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होतं भागुरामबाबांच्या बायकोचं. आजोबा विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "पोरीच्या जातीचं नाव असं गावभर फिरलं तर लगीन जमायचं न्हाय, काका. तुमच्याच भल्यासाठी केलंय." आजोबा आल्या पावली परतले. आत्याने लग्न केलंच नाही, शाळेत लागली, आणि पार्टीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. इकडे त्या गाण्यावर बाबांनी आणि त्यांच्या बायकोने शाली घेतल्या, नारळ घेतले, फोटो काढून घेतले. बाबांची बायको बिचारी तर चारचौघांत ओवीसुद्धा म्हणत नसे. 'आता घसा बसलाय' म्हणायची आणि लोक विश्वास ठेवायचे. खरं ठाऊक असलेली जुनी माणसं हळूहळू गेली.

आता पुरावा काय, असं कुणी विचारेल. पुरावा त्या रेकॉर्डमध्येच होता, पण मांडवाच्या गोंगाटात तो कुणी ऐकला नाही आणि पुढे आमच्याच लोकांनी त्याची माती केली. जयंतीला मांडवात रेकॉर्ड लावायची, समोर पोरं नाचायची, जमीन हादरायची आणि सुई उडायची. त्यावर वाडीने शोधलेला उपाय म्हणजे सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं, वरून चिकटपट्टी. सुई उडायची थांबली, पण नांगर घातल्यासारखी खाच खरवडत गेली. आसपासच्या सगळ्या वाड्यांत हीच रीत. काही वर्षांत प्रत्येक घरातली ती रेकॉर्ड तळणीतल्या पापडासारखी तडतडू लागली. आत्याचीही तशीच झाली.

निवृत्त झाल्यावर आत्याने रेकॉर्ड वाजवायचं नवं टर्नटेबल आणलं. लोक हसले. या वयात बाईमाणसाला हे काय खूळ, असं सगळ्यात मोठ्याने भागुरामबाबाच म्हणाले. पण आत्याने कुठेतरी वाचलं होतं की जुनी बोथट सुई खाचेच्या भिंती एका उंचीवरच झिजवते. नव्या निमुळत्या टोकाची सुई असेल तर ती आणखी खाली, न झिजलेल्या जागी टेकते. तिथे आवाज अजून शाबूत असू शकतो. फक्त अशी सुई जराही वाकडी बसून चालत नाही, नाहीतर उरलेलंही ओरबाडते. मी सुट्टीला गेले की ती मला शेजारी बसवायची. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने, सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजच्या मागच्या पिना हिरव्या पडत, त्या आधी पुसायच्या. मग टर्नटेबलच्या फिरत्या चकतीवर रेघांची जाळी छापलेला कागद ठेवायचा, ठिपक्यावर सुईचं टोक टेकवायचं आणि कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर येईपर्यंत दोन बारीक स्क्रू सैल करत, सरकवत, पुन्हा आवळत राहायचं. खाली हातआरसा धरून सुई आणि तिचं प्रतिबिंब एका ओळीत उभं आहे ना ते पाहायचं. शेवटी वजन. वजनाच्या इवल्याशा काट्यावर सुई टेकवून दांड्याच्या मागचं वजन केसभर फिरवायचं, पुन्हा मोजायचं. मी वैतागायचे. ती म्हणायची, "बाय, घाई नको. रुपया ठेवणाऱ्यांनीही घाईच केली होती." हलकं जास्त झालं तरी सुई खाचेत डुगडुगते आणि भिंतीवर आपटते, हे तिने एक जुनी रेकॉर्ड फुकट घालवून शिकून घेतलं होतं.

एका रविवारी सकाळी ते जमलं. तडतड होती, पण मागे सरली होती. आधी पेटी आली, मग आत्याचा आवाज, विशीच्या आतला, धारदार. मला वाटलं ती रडेल. ती कान देऊन बसली होती. शेवटच्या कडव्याआधी गाणारी श्वास घ्यायला थांबते, आणि तिथे, माइकपासून दूर, एका पुरुषाचा दबका आवाज आला, "इंदू, घे." भागुरामबाबांचाच आवाज, पुढचं कडवं उचलायला सांगणारा. मी सुई उचलायला धावले, वाडी गोळा करते म्हणाले. आत्याने माझा हात धरला. "आपण कशाला सांगायचं? ज्यानं लपवलं त्यानं सांगायचं." मग ती उठली आणि गल्लीकडची खिडकी सताड उघडून तिने गाणं पुन्हा लावलं. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी तेच गाणं, तीच खिडकी, समोर बाबांचा ओटा. लांबच्याला गाणं कळे, ते दोन शब्द नव्हेत. पण ज्याचे होते त्याला नक्की कळत होते. बाबा कधी उठून आत गेले नाहीत आणि कधी काही बोललेही नाहीत. आत्या शेवटपर्यंत वाट पाहत राहिली. मला तिचा हा धीर कधी पटला नाही, आजही पटत नाही.

ती गेल्यावर मी रजा काढून घर आवरत राहिले आणि खिडकी मुद्दाम बंद ठेवली. पहिल्याच रविवारी बाबांची सून आली. "ताई, बाबा इचारतात, आज गाणं न्हाय लागलं?" मी म्हटलं, "कुणाचं गाणं ते त्यांना विचारून ये." ती परत आली नाही. पुढच्या रविवारी ते स्वतः आले. गल्लीतल्या नळावर बायकांची गर्दी होती. अंगणात उभे राहून म्हणाले, "एकदा लाव गो बाय. त्याबिगर रविवार जात न्हाय."

"कुणाचं लावू?"

त्यांनी नळावरच्या बायकांकडे चोरून पाहिलं. मग पुटपुटले, "इंदूचं."

"बाबा, जलदानाला मोठ्यानं बोलला होतात. आताही तेवढंच मोठ्यानं बोला."

नळावरच्या बायका हंडे तसेच सोडून आमच्याकडे बघू लागल्या. म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. मला कीव आली, नाही असं नाही, पण मी ती गिळली. शेवटी ते बायकांकडे वळले आणि म्हणाले, "गाणं इंदूचं हाय. माझ्या बायकोनं ते कधी गायलंच न्हाय. इंदूनं गायलं."

मी आत गेले. पिना पुसल्या, जाळीच्या कागदावर सुई तपासली, वजन मोजलं. मुद्दाम काहीच घाईत केलं नाही. बाबा बाहेर उन्हात उभे होते. मग खिडकी उघडली आणि सुई सोडली. शेवटच्या कडव्याआधी त्यांचा तरुण आवाज खिडकीतून बाहेर आला तेव्हा त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घातली. आमच्याकडे म्हातारं माणूस दारात आलं की आधी खुर्ची देतात, मग पाणी. गाणं संपेपर्यंत बाबा उभे होते. मी खुर्ची दिली नाही.