जबल अलीत सापडलेलं चॅपेलचं चित्र

पोलिसातल्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. दुबईतल्या जबल अली बंदरातल्या गोदामातली ती सकाळ मात्र अजून लख्ख आठवते.

मुंबईतल्या एका खासगी संग्रहालयातून जलरंगातलं जुनं चित्र चोरीला गेलं होतं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं. इंग्लंडमधल्या एका चॅपेलचा, म्हणजे छोट्या चर्चचा अंतर्भाग, उंच कमानी, फरशीवर तिरपं पडलेलं ऊन. चोराने फ्रेम तिथेच टाकून फक्त कागद नेला होता. कुलूप शाबूत, म्हणून संशय किल्ली सांभाळणाऱ्या, चित्रांची देखभाल करणाऱ्या बाईंवर गेला. संस्थेने त्यांना निलंबित केलं. मीही चार दिवस त्यांना ठाण्यात बोलावून तेच तेच प्रश्न विचारले.

मग फोन आला. माणूस रत्नागिरीकडचा, जबल अलीत पॅकिंगच्या कामाला.

"साहेब, बातमीतलं ते चित्र माझ्या टेबलावर आहे. परवा माल युरोपला जाणार. माझं नाव घेऊ नका, नोकरी जाईल."

ते नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिथल्या पोलिसांनी माल रोखून धरला. रीतसर परवानगी घेऊन मी निघायच्या तयारीत होतो, तेव्हा बाई ठाण्यात आल्या. "साहेब, फ्रेममधली पुठ्ठ्याची चौकट सोबत न्या. तिच्याखालच्या कागदाला कधी उजेड लागलेला नाही." मुद्देमालातली ती चौकट मी कोर्टाच्या परवानगीने घेतली.

माल पाठवणारा व्यापारी मराठीच, दुबईच्याच सिलिकॉन ओएसिस भागात ऑफिस असलेला. तिथला पोलीस अधिकारी त्याला गोदामातच प्रश्न विचारत होता. तो जराही डगमगला नाही.

"ही कॉपी आहे. अशा पन्नास मिळतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, उगाच आलात एवढ्या लांब."

मी चौकट चित्रावर ठेवली. ती कुणीतरी हाताने कापलेली, उजवी कड किंचित वाकडी. उचलून पाहिलं तर आतले रंग उजेडाने विटलेले, चौकटीखाली झाकल्या गेलेल्या कडेवरचा निळा रंग ताजा. दोन्हींमधली रेघ उजवीकडे तशीच वाकडी, केसाचाही फरक नाही.

अधिकाऱ्याने वाकून पाहिलं आणि हसून म्हणाला, "खलास!"

व्यापाऱ्याने पाणी मागितलं. तासाभरात त्याने दुसरी किल्ली पुरवणाऱ्या संग्रहालयातल्या पहारेकऱ्याचं नाव सांगितलं.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. "बाई, चौकट तंतोतंत बसली. चित्र आपलंच."

त्या म्हणाल्या, "कागदाला ओल नाही ना लागली?"

संग्रहालयाच्या विश्वस्तांनी सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. चित्र बाईंनी स्वतःच्या हातांनी भिंतीवर लावलं.

चार दिवस मी त्यांना "तुम्ही कुठे होतात?" एवढंच विचारत होतो. चित्र ओळखायचं कसं, हे एकदाही विचारलं नाही. माणूस दोषी की निर्दोष, ते पुढे ठरतं. त्याला काय ठाऊक आहे, ते आधी विचारावं.