अडचणबाई

पोर पडलं की आजूबाजूचे सगळे हात आपोआप पुढे येतात. आमच्या बाई मात्र हात पुढे करायच्या नाहीत. त्या पडलेल्या पोराजवळ यायच्या आणि साडीची पर्वा न करता शेजारी मातीत फतकल मारून बसायच्या. "पडलास का? बरं झालं. मलाही कधीचं बसायचंच होतं," म्हणायच्या आणि गप्पा सुरू करायच्या. घरी काय भाजी केली होती, म्हैस व्याली का, मास्तर मारतात का. पोर रडून घ्यायचं, मग रडायला कंटाळायचं आणि शेवटी जवळचा खांब, फळी, काय सापडेल ते धरून उभं राहायचं. मग बाई खालून म्हणायच्या, "आता मला उठव बघू. माझे गुडघे दुखतात." आणि खरंच त्याचा हात धरून उठायच्या.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझी आई संतापली होती. "बाई हाय का दगुड?" असं ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. बाईंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाई दौंडच्या. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या, पुण्याला फिजिओथेरपी शिकून परत दौंडलाच दवाखान्यात लागलेल्या. तो शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक त्यांना व्यायामाची डॉक्टरीण म्हणायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या चौफुल्यावरून एसटीनं शिरूरला यायच्या. मार्केट यार्डाच्या मागे एका आडत्यानं त्यांना कांद्याची रिकामी वखार वापरायला दिली होती. तिथं आम्ही सगळे जमायचो: माझ्यासारखी पोलिओची पोरं, जन्मताना मेंदूला इजा होऊन हातपाय आखडलेली पोरं, बैलगाडीवरून पडून कंबर गेलेला एक मुलगा. कांदा जाऊन वर्ष झालं तरी वखारीचा वास गेला नव्हता. आजही कांद्याच्या ढिगाजवळून गेले की माझा पाय आपोआप सावध होतो.

लोकांची कल्पना अशी की अपंग पोरांसाठी जागा करायची म्हणजे सगळं गुळगुळीत, मऊ आणि हाताशी. बाईंनी नेमकं उलटं केलं. जमिनीवर कुठं वाळू, कुठं गोटे, कुठं मुद्दाम ठेवलेला उंचवटा. बाहुल्या वरच्या फळीवर, चेंडू खोल हौदात. बाभळीचा एक ओंडका तर वाटेत असा आडवा टाकलेला, की तो ओलांडल्याशिवाय कुठंच जाता येऊ नये. त्यावरून आयांनी त्यांचं नाव पाडलं, अडचणबाई. ते कुणीतरी बाईंच्या कानावर घातलं, तर बाई खूश. मला म्हणाल्या, "सुजाता, सोपं करून देणारे तुला जन्मभर भेटतील. अवघड करून देणारी मी एकटीच."

पण ही अवघड कामं त्या मनानं ठरवायच्या नाहीत. नवीन पोर आलं की त्याला काय येतं, काय येत नाही, हे त्या विचारायच्याच नाहीत. ते डॉक्टरांनी विचारून विचारून पोराचा जीव नकोसा केलेला असायचा. बाई विचारायच्या, "तुला राग कशाचा येतो?" पाटसचा नामदेव होता, त्याचे वडील साखर कारखान्यात कामाला. नामदेवचे हात सारखे थरथरायचे. तो म्हणाला, "माठाचा." घरात कुणी नसलं की माठातलं पाणी त्याला घेता यायचं नाही आणि भरल्या माठाशेजारी तो तहानलेला बसायचा. पुढच्या मंगळवारी वखारीत माठ आला, लांब दांड्याचं ओगराळं आलं आणि आम्हा मुलींची भातुकली नामदेवच्या पाणपोईशेजारी मांडली गेली. त्यानं सांडलेल्या पाण्यानं पावसाळ्याइतका चिखल झाला. बाई म्हणायच्या, "सांडू दे. पाणीच आहे, रॉकेल नाही." तीन-चार महिन्यांनी आमच्या खोट्या चहाला नामदेवचं खरं पाणी मिळायला लागलं.

मी रागाची गोष्ट सांगितली ती एसटी. आमचं गाव निमोणे. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर रोज शिरूर गाठायचं, आणि एसटीची पहिली पायरी माझ्या कंबरेला लागायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, गवंडी. ते दिवस उगवायला सायकलवर टांग टाकून कामावर जात. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. रोज मला उचलून गाडीत ठेवायला कोण रिकामं होतं? हिशोब सरळ होता. एसटी चढता आली तर शाळा, नाहीतर घरी बसून भाकरी थापायच्या. हे मला आठव्या वर्षीच कळलेलं होतं, कारण आमच्या घरात कुणी काही लपवून बोलत नसे.

बाईंनी वखारीच्या कोपऱ्यात एसटी उभी केली. खोकी आणि फळ्यांची, लाल रंगाची. आत बाक, वर दांडी, दोरी ओढली की वाजणारी घंटी. कंडक्टर व्हायला सगळ्यांची मारामारी, पण कंडक्टर आत, आणि आत जायला पायरी एकच. बाईंनी ती खऱ्या गाडीएवढी मोजून घेतली होती, पण चढ कमी व्हावा म्हणून सुरुवातीला तिच्यापुढं जमिनीवर विटांचे थर रचलेले. जमायला लागलं की एक थर गुपचूप कमी व्हायचा. मला त्यांनी एकच मंत्र दिला. माझ्या चांगल्या पायाला त्या थोरला म्हणायच्या, लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घातलेल्या पायाला धाकटा. "चढताना थोरला आधी, उतरताना धाकटा आधी. थोरल्यानं वर जाऊन धाकट्याला ओढून घ्यायचं. घरात असंच चालतं ना?" मी थोरली होते आणि धाकट्या भावाला ओढतच वाढवत होते, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

खरी अडचण आमची नव्हती, आयांची होती. पोर धडपडलं की त्यांचे हात शिवशिवायचे, जीव वरखाली व्हायचा. त्यावर बाईंनी तोड काढली. प्रत्येकीनं येताना घरून काहीतरी निवडायला आणायचं. तूर, हरभरा, तांदूळ, काही का असेना. दाराजवळ ओळीनं बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं आणि खडे काढायचे. "हात रिकामा राहिला की तो पोराकडे जातो," असं त्या म्हणायच्या. आई घरी येऊन कुरकुर करायची, "आमच्या घरात आता खडा म्हनून दिसंना, तरी हिचं निवडच चाललंय." पण शुक्रवारी पुन्हा सूप काखेत मारून तयार.

बाई गोड होत्या असं कुणाला वाटायला नको. त्या चिडक्या होत्या. सारख्या लवंगा चघळायच्या, आणि खेळताना लहान मुलासारख्या जिंकायला खेळायच्या. पोराचं मन राखायला मुद्दाम हरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सागरगोट्यांत त्यांनी मला इतकं हरवलं की मी एकदा सगळे गोटे हौदात फेकून दिले. त्या म्हणाल्या, "फेक. पण तुझ्याशी कुणी खोटं हरलं तर तुला आवडेल का?" मी विचार केला आणि नाही म्हणाले. दयेचं खोटं मला तेव्हापासून लांबून ओळखू येतं.

मी सातवीत होते त्या वर्षी, थंडी सरता सरता, बाई यायच्या थांबल्या. पोटात गाठ आहे, पुण्याला ऑपरेशन झालंय, असं कळलं. वखारीची किल्ली आडत्याकडे होती, तेव्हा आम्ही मंगळवार-शुक्रवार जातच राहिलो. माझ्या पायरीखाली आता विटांचा एकच थर उरला होता.

आणि मग आमच्या मायबापांनी ते केलं. बाईंनी आपल्या पोरांसाठी एवढं केलं, आता त्या दुखण्यातून उठून येतील तेव्हा त्यांना काहीतरी करून दाखवायचं, असं सगळ्यांनी बसून ठरवलं. कुणी फरशी आणली, कुणी सिमेंट, कुणी लोखंडी पाइप. वाळू आणि गोटे उपसले गेले, ओंडका बाहेर गेला, सगळीकडे शहाबादी फरशी बसली. बाहुल्या खालच्या फळीवर आल्या. माठ जाऊन तिथं तोटीची टाकी आली. आणि आप्पांनी कामावरून आल्यावर, दमलेले असताना, आठवडाभर खपून माझ्या एसटीला पायरीच्या जागी उतार बांधला. दोन्ही बाजूंनी कठडा, वर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट. आप्पांनी आयुष्यात पुष्कळांचे बंगले बांधले, पण त्या उतारावर त्यांचा हात जसा फिरला तसा कुठंच फिरला नाही. मी पडले की आप्पा रडत नसत, पण त्या दिवशी जेवत नसत. त्यांना ते बघवत नव्हतं, एवढंच होतं त्यात.

एप्रिल सरता सरता बाई आल्या. ओळखू येईनात. साडी खांद्यावरून नुसती लोंबत होती. दाराला आंब्याचं तोरण, शाल, नारळ, सगळं तयार होतं. बाई दारातच थांबल्या आणि सगळीकडे बघत राहिल्या. आया त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कुणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"समद्यांनीच," आप्पा पुढे होऊन म्हणाले. "फरशी न् उतार तेवढा माझ्या हातचा. लेकरं लई पडायची वो, बाई."

बाईंनी वाकून फरशीवर हात फिरवला. "काम फार सफाईचं झालंय, आप्पा," म्हणाल्या. शाल घेतली, नारळ घेतला. मी ऐटीत उतारावरून चढून गेले आणि घंटी वाजवली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळे हसत होते, आणि मला मात्र कसंतरीच झालं, कारण बाईंचं ते हसणं मला खोटं दिसलं. माझ्याशी त्या पहिल्यांदाच खोटं वागल्या होत्या.

निघताना त्या म्हणाल्या, "आप्पा, मला स्टँडपर्यंत सोडता का? सुजाताला पण घ्या." आम्ही तिघं हळूहळू चालत गेलो. दौंडची गाडी लागलेली होती. बाईंनी दांडी धरली, पाय उचलला आणि तो पायरीपर्यंत पोचलाच नाही. पुन्हा उचलला. मागे लोक खोळंबले. कंडक्टर आतून ओरडला, "ओ बाई, चढा की पटकन!" "थांबा की वाईच," आप्पा त्याच्यावर खेकसले. बाई दांडीला डोकं टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आप्पा, हात द्या."

आप्पांनी हात दिला. खरं तर त्यांनी बाईंना जवळजवळ उचलूनच वर ठेवलं. खिडकीजवळ बसल्यावर बाईंना धाप लागली होती. ती जरा कमी झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचा उतार सुरेख आहे आप्पा. मला बोलवेना तिथं. पण एसटीला उतार नाही हो. माझं काय, आज तुम्ही होतात. हिला जूनपासून रोज चढायचंय. रोज कोण असेल?"

गाडी गेली तरी आप्पा तिथंच उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम बुडवलं. छिन्नी-हातोडा घेऊन वखारीत गेले आणि आपला उतार आपल्या हातानं फोडायला बसले. बातमी लागली तशी माणसं जमली. "याड लागलं का तुला?" "एवढं सोन्यासारखं काम!" भांडणं झाली. फरशीला कुणी हात लावू दिला नाही, ती तशीच राहिली, टाकीही राहिली. आप्पांना तेवढा स्वतःचा उतार फोडता आला. मी रडून गोंधळ घातला. मला तो उतार फार आवडला होता. आजही मला उतार आवडतो. एखाद्या कचेरीला उतार नसला तर मी साहेबाच्या टेबलापर्यंत जाऊन भांडते. पण त्या जूनमध्ये एसटीला उतार लागणार नव्हता आणि आमच्यासाठी कुणी लावणारही नव्हतं. आप्पांनी पायरी पुन्हा बसवली. या वेळी खाली विटा ठेवल्या नाहीत. सगळा मे महिना मी त्या पायरीशी झुंजले. गुडघे फुटले, कोपरं फुटली. आप्पा बाहेर झाडाखाली पाठ करून बसायचे.

शाळा उघडायला आठवडा असताना नामदेवचे वडील पाटसहून मोटारसायकलवर आले. ते दारात उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. आईनं विचारलं, "बाई?" त्यांनी मान हलवली. आईनं तिथंच बसकण मारली आणि तोंडाला पदर लावला. मी रडले नाही. मला वाटत होतं, मी चढून दाखवायची राहिले, त्या बघायच्या राहिल्या, म्हणजे हे काहीतरी चुकून झालंय.

दौंडला बाईंच्या घरी जायचं म्हणून आप्पांनी मला सायकलवर बसवून न्हावऱ्याच्या थांब्यावर आणलं. दौंडची गाडी आली ती भरलेलीच. दाराशी रेटारेटी झाली आणि मग माझा कॅलिपर बघून लोक बाजूला झाले. दोघातिघांनी हात पुढे केले. एक आजीबाई आप्पांवर डाफरल्या, "आरं, पोरीला उचल की! बाप हायस का कोन?"

"कुनी हात लावू नका," आप्पा म्हणाले. "चढती ती."

मी दांडी धरली. खरी पायरी वखारीतल्या पायरीसारखीच होती, फक्त चिखलानं माखलेली. थोडा वेळ लागला. ड्रायव्हरनं गाडी तशीच उभी ठेवली. मी वर गेले. आत उभी राहून मागे पाहिलं, तर आप्पा अजून खालीच होते, मुठी आवळून, हमसून हमसून रडत. सगळ्या गाडीनं पाहिलं. मग कंडक्टरनं खाली उतरून त्यांना हात दिला आणि वर घेतलं.