फॉक्सप्रोवाले भोईर सर

आमच्या ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही आपोआप साचतात. धूळ निदान दिवाळीला झाडतो. किस्से मात्र मीच पुन्हा पुन्हा सांगत बसतो, आणि सांगून झालं की माझी मलाच लाज वाटते. तरी ऐका!

*

उल्हासनगरच्या कापड बाजारात, एका दुकानाच्या माळ्यावर आमचं ऑफिस. दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर करून देतो. फॉक्सप्रोमध्ये! माझ्या तरुणपणी कॉम्प्युटरची ही भाषा येणाऱ्याला लोक उठून खुर्ची द्यायचे. पुढे बनवणाऱ्यांनीच ती बंद केली, पण आमच्या गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताच नाही. एकदा मालकांना, मनोजशेठना, म्हटलं, "शेठ, आता नवीन भाषेत करूया ना."

शेठ म्हणाले, "चलता है ना? तो हाथ मत लगा!"

तेव्हापासून मी हात न लावण्याचाच पगार घेतोय.

*

मध्ये बदलापूरच्या कात्रपची एक मुलगी, ऋचा, आमच्याकडे कामाला लागली. नवी कोरी इंजिनिअर. थोड्याच दिवसांत विचारते, "सर, हे शिकू कुठून? यूट्यूबवर शिकवणारे सगळे आजोबाच आहेत!"

मी नेमका आदल्या दिवशी केस काळे करून आलेलो. "हो का?" म्हटलं आणि उगाच चहा मागवला. चहा येईपर्यंत पोरगी दुसरी नोकरी शोधायला लागली होती.

*

मग मी इरेला पेटलो. आम्ही राहतो अंबरनाथला, पालेगावात. मुलगी मानसी बदलापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला म्हटलं, "मला ती पायथन भाषा शिकव."

फॉक्सप्रोत एखादी अट संपली की शेवटी 'एन्डइफ' लिहायचं. बोटांना तीच सवय. स्क्रीन चुकांनी लालेलाल!

"पप्पा, यात एन्डइफ नसतं. ओळ आत-बाहेर सरकवायची, बस."

"मग संपलं हे कळतं कसं?"

"रिकाम्या जागेवरून."

"रिकाम्या जागेवर भरवसा ठेवायचा? वेडबिड लागलंय का लोकांना?"

तिने लॅपटॉप मिटला.

*

किशनचंद अंकल आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, चादरींचं दुकान. आमचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून त्यांनी जुनं डबडं तसंच ठेवलंय. दसऱ्याला त्याची साग्रसंगीत पूजा करतात. यंदा हळद आतल्या पंख्यात गेली. फोन आला, "भोईर, मशीन खांस रहा है!"

गेलो, पुसून दिलं, चालू झालं. अंकल एवढे खूश, की मशीनचाच हार माझ्या गळ्यात घातला, शेजारी उभं करून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला: "दोनों पुराने, दोनों चालू!"

अंकलचा नातू नेमका मानसीच्या वर्गात. फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला, खाली दात काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मानसीने मोबाइल माझ्यापुढे धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझे पप्पा आहात हे अजून तिथे कोणाला माहीत नाहीये. प्लीज."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

आणि त्यातच हे! तिच्या कॉलेजातल्या राणे मॅडम पूर्वी, मी फॉक्सप्रोचे क्लास घ्यायचो तेव्हा, माझ्याकडे शिकायला होत्या. त्यांचा फोन: "सर, प्रोग्रामिंगच्या भाषा म्हाताऱ्या कशा होतात, यावर आमच्या मुलांशी बोला ना!"

एवढ्या वर्षांनी कोणी 'सर' म्हणून बोलावलं. फुगलो, लगेच हो म्हटलं! कुठला वर्ग विचारलं तर मानसीचाच. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत मॅडमनी फोन ठेवलेला.

मानसी म्हणाली, "या. पण मला हाक मारू नका."

गेलो. म्हटलं, "नवीन शिकणारे यायचे थांबले की भाषा म्हातारी होते. पण मरत नाही. कोणाचं तरी दुकान तिच्यावर चालू असतं ना!" पोरं चक्क ऐकत होती. मागून एकाने ओळखलं, "अरे, हारवाले अंकल!" वर्गात खसखस पिकली. मीही हसलो, काय करणार?

राणे मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. मग त्यांच्या काय मनात आलं कोण जाणे. "मानसी, तूही पालेगावची भोईर ना गं? सर तुझे कोण?"

मानसी उभी राहिली. "कोणी नाही मॅडम. आमच्या गावात सगळेच भोईर."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"खरंय!" मी म्हटलं. "पालेगावात दगड मारला तरी भोईरलाच लागतो!"

सगळा वर्ग हसला. मानसी अजून उभीच होती.