पाठीमागचा 'डा'

वडील बालाघाटच्या कचेरीत कारकून होते. छप्पन साली विदर्भ वेगळा झाला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं, मराठी फायली गेल्या, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हिंदीत खर्डे गिरवावे लागले. दिवसभर 'जी साहब' करून ते घरी यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि साहेबाचा साहेबडा करून टाकायचे. मग वकिलडा, मास्तरडा. ज्याचा राग आला असेल त्याला 'डा' लागायचा. तेवढ्यानंच त्यांचा शीण उतरायचा. नेम एकच होता: माणूस समोर असताना 'डा' लावायचा नाही.

पुढे मीही त्याच कचेरीत चिकटलो. शीण तोच, साहेब तसलेच. एका संध्याकाळी भरपूर बोलणी खाऊन आलो, चपला भिरकावल्या आणि बायकोवर खेकसलो, "म्हातारडा जेवला का?"

वडील दाराआडच बसले होते. ते भिंतीला धरून उठले, त्यांनी स्वतःच्या हातानं माझा पाट मांडला आणि सुनेला सांगितलं,

"म्हातारडा जेवला, बाई. आता ह्या कारकुंड्याले वाढ."