टेकूचा फोटो

सोलापुरात मंगळवार पेठेत शिवशरणचा फोटो स्टुडिओ होता. माणूस सरळ, बोलणं कमी. खोड एकच, आणि ती सगळ्या गल्लीला माहीत होती. त्याच्या हातात कॅमेरा टिकत नसे. पडायचा, मोडायचा असं नव्हे. कॅमेरा जरा ओळखीचा झाला की शिवशरणला त्यात दोष दिसू लागायचे. लग्नात नवरीचे डोळे मिटलेले आले तर भिंग वाईट. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज हललेले आले तर शटर वाईट. मग तो कॅमेरा देऊन दुसरा घ्यायचा, वर काहीतरी भर घालायची, आणि चार महिने खुशीत शीळ घालत फिरायचं.

बायको गुरम्मा स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटो धुवायची. लाल दिव्याखाली कागद हलवता हलवता तिला सगळं दिसायचं. कॅमेरा बदलला तरी नवरीचे डोळे मिटलेलेच येत.

“अहो, डोळे उघडे असताना बटण दाबा की,” ती म्हणायची.

“तुला त्यातलं कळत नाही,” शिवशरण म्हणायचा.

मधे काही वर्षं मात्र ही खोड थांबली होती. अक्कलकोटला मठासमोर चनबसप्पा नावाचे म्हातारे फोटोग्राफर बसत. शिवशरण त्यांच्याच हाताखाली शिकलेला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांनी आपला कॅमेरा त्याला दिला. जर्मन बनावटीचा, दोन भिंगांचा, गळ्यात अडकवून वरून खाली बघत फोटो काढायचा. त्यातला रोल बाराच चौकोनी फोटो द्यायचा, म्हणून घरात त्याला चौकोनी रोल म्हणत. गुरूची वस्तू म्हणून शिवशरणने तो ठेवला होता. पण चौऱ्याहत्तर साल उजाडेपर्यंत नव्या पेठेतल्या स्टुडिओंत डोळ्याला लावून बघायचे जपानी कॅमेरे दिसू लागले. वरून खाली बघत फोटो काढणारा माणूस लग्नातल्या पोराटोरांना जुनाट वाटू लागला. एका मांडवात कुणीतरी हसत विचारलं, “काय फोटोवाले, पाळण्यात बघताय का?” ते हसू शिवशरणच्या मनातून गेलं नाही.

मोहोळचा हिंदुराव मुंबईला गोदीत कामाला होता. गावी येताना पिशवीत एखादं घड्याळ, एखादा ट्रान्झिस्टर, एखादा कॅमेरा घेऊन आधी सोलापुरात यायचा आणि तो विकून मग मागं मोहोळला जायचा. त्या दिवाळीच्या आधी तो स्टुडिओत आला आणि त्यानं काउंटरवर एक जपानी कॅमेरा ठेवला. वापरलेला होता, पण दिसायला झकास.

“घ्या अण्णा, डोळ्याला लावून तरी बघा की,” हिंदुराव म्हणाला. “लई साफ दिसतंय. तुमचा डबा मला द्या. मोहोळात एक मास्तर मागतोय.”

गुरम्मा मागच्या दारात येऊन उभी राहिली. “बेड री,” ती कानडीत म्हणाली. नको.

शिवशरणनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अंगठ्यानं दांडा ओढला की रोल पुढं सरकत होता, आणि तो आवाज त्याला फार गोड लागला. दुपारीच व्यवहार झाला. चनबसप्पांचा कॅमेरा आणि वर काही रुपये हिंदुरावच्या पिशवीत गेले. गुरम्मा आत गेली.

ऊन कलायला लागलं तेव्हा पोलीस चौकीचा निरोप आला. साखर पेठेच्या पलीकडं एका चादरीच्या कारखान्याचं छप्पर खाली आलं होतं. त्यात एक विणकर मेला होता. पंचनाम्याला फोटो हवे होते. चौकीला फोटो लागले की शिवशरणलाच बोलावत. त्यानं हिंदुरावनं सोबत दिलेला रोल नव्या कॅमेऱ्यात घातला, तो गळ्यात अडकवला, सायकलला टांग मारली आणि निघाला.

कारखान्याच्या दाराशी गर्दी होती. मेलेल्या नरसय्याला सिव्हिलमध्ये नेलं होतं. त्याची बायको यल्लव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या आसपासच्या बाया तेलुगूत रडत होत्या. आत हवालदार बिरप्पा पंचांना घेऊन उभा होता. छपराची लाकडी तुळई मधोमध मोडून मागांवर आडवी झाली होती आणि वर आभाळ दिसत होतं.

बिरप्पानं शिवशरणला कोपऱ्यात नेलं. “हे बघ.”

पडलेल्या तुळईच्या टोकाखाली एक लोखंडी टेकू होता. बूड सिमेंटमध्ये पक्कं केलेलं. वरपासून खालपर्यंत त्यावर सुताची पांढरी धूळ बसली होती, बोट घातलं तर रुतेल इतकी. तुळई आतून वाळवीनं पोखरलेली.

“मालक म्हणतोय, तुळई धडधाकट हुती, नरसय्याच वर चढला म्हणून मोडली,” बिरप्पा हळू आवाजात म्हणाला. “आन् टेकू म्हणं आत्ता लोकांनी ढिगारा उचलाय आणला. पर ही धूळ काय आजची हाय? महिनोन्महिने टेकू लावून कामं करून घेतलीत. मी लिवलंय, पर माझ्या लिवण्याला वकील पुसून टाकतील. फोटोत आलं पायजे.”

दाराबाहेर मालकाचा ट्रक उभा होता. मालकाची माणसं पहारी घेऊन तयार होती. खाली अजून कुणी असेल, ढिगारा उपसायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं.

शिवशरणनं भराभर फोटो घेतले. तुळई, टेकू, माग, पुन्हा टेकू. बटण दाबायचं, दांडा ओढायचा. आवाज तसाच गोड येत होता. मग त्याची नजर डावीकडच्या बारीक चक्रीवर गेली. रोल पुढं सरकला की ती फिरायला हवी, एवढं त्याला माहीत होतं. त्यानं दांडा ओढला. चक्री जागची हलली नाही.

रोल आत अडकलाच नव्हता. एकही फोटो आला नव्हता.

पाठ सगळ्यांकडं करून त्यानं कॅमेरा उघडला, रोलचं टोक पुन्हा खाचेत घातलं. बोटांना ती खाच ओळखीची नव्हती. झाकण लावून दांडा ओढला तर आत कट्‌ असा आवाज झाला आणि दांडा अर्ध्यात अडकला. रोलची पट्टी फाटली होती. दुसरा तसला रोल त्याच्याकडं नव्हता.

“झालं का?” बिरप्पानं विचारलं.

खोटं बोलावं, असं क्षणभर शिवशरणच्या मनात आलं. रोल धुताना खराब झाला असं सांगता आलं असतं. असं होतं कधी कधी. पण दारातून यल्लव्वा आत बघत होती.

“नाही झालं,” तो म्हणाला. “एकही आला नाही. कॅमेरा आजच घेतलाय, मला तो येत नाही. माझा जुना आणतो.”

बिरप्पानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा शिवी बरी. “उजेड हाय तवर ये. मी दारात उभा ऱ्हातो. पर ढिगारा उपसू द्या म्हणून फौजदारसाहेबांचा निरोप आला तर मला बी काय करता येणार न्हाय.”

शिवशरण सायकलवर बसला आणि सुटला. स्टुडिओपाशी पाय टेकून त्यानं हाक मारली, “गुरम्मा! चौकोनी रोल! आणि स्टँड!” गुरम्मा धावत आली. तिनं रोल त्याच्या खिशात कोंबला, कॅमेऱ्याचा स्टँड कॅरियरला बांधला, आणि एवढंच म्हणाली, “हिंदुरावची गाडी लागली असेल. पळा.”

एसटी स्टँडवर मोहोळची गाडी निघायच्या बेतात होती. कंडक्टरनं घंटी मारली. शिवशरणनं सायकल तशीच टाकली आणि चालत्या गाडीच्या खिडकीवर थापा मारत धावला. “हिंदुराव! ओ हिंदुराव!”

गाडी थांबली. ड्रायव्हर ओरडत होता, माणसं ओरडत होती. हिंदुराव मांडीवर पिशवी घट्ट धरून बसला होता.

“अण्णा, सौदा झालाय. मास्तरला शबुद दिलाय मी.”

“माणूस मेलाय,” शिवशरणला धाप लागली होती. “तिथला फोटो घ्यायचाय. तुमचा कॅमेरा हा घ्या. वर तुम्ही माझ्याकडून जे घेतलंत तेही ठेवा. माझा तेवढा द्या.”

हिंदुरावनं एकदा त्याच्याकडं, एकदा कंडक्टरकडं बघितलं. मग पिशवीतून जुना कॅमेरा काढून खिडकीतून दिला. “जावा. पर पुन्यांदा मला आडवं येऊ नगा.” वरची रक्कम त्यानं खरंच ठेवून घेतली.

शिवशरण परत पोचला तेव्हा ट्रकचं इंजिन सुरू होतं. दोन माणसं आत शिरून टेकूपाशी उभी होती आणि बिरप्पा त्यांच्या आणि टेकूच्या मधे काठी आडवी धरून उभा होता. उजेड मोडक्या छपरातून तिरपा येत होता आणि बघता बघता कमी होत होता. फ्लॅश मारला असता तर टेकू पांढराफटक आला असता, धूळ दिसली नसती. शिवशरणनं स्टँड लावला, कॅमेरा बसवला, मान खाली घातली. काचेवर सगळं अंधारलेलं होतं. तरी त्याची बोटं आपोआप चालली. या कॅमेऱ्याची प्रत्येक कळ त्यांना माहीत होती. शटर उघडं धरून मनात अंक म्हणायचे, कुठवर म्हणायचे, हे चनबसप्पांनी त्याला अंधाऱ्या मठात शिकवलं होतं.

“कुणी हलू नका,” तो म्हणाला. मालकाची माणसंसुद्धा स्तब्ध राहिली.

रोल संपेपर्यंत त्यानं फोटो घेतले. शेवटचा घेताना काचेवर त्याला काहीच दिसत नव्हतं.

स्टुडिओत गुरम्मानं रोल धुतला. ती बाहेर येईपर्यंत शिवशरण काउंटरशी उभाच होता. तिनं निगेटिव्हची ओली पट्टी उजेडासमोर धरली. टेकू होता. धूळ होती. सिमेंटचं बूड होतं. शिवशरण खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

फोटोच्या प्रती चौकीत गेल्या, पट्टी शिवशरणकडंच होती. कोर्टात ती दाखवावी लागणार होती. काही दिवसांनी कारखान्याचे दिवाणजी रामहरी स्टुडिओत आले. गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी काउंटरवर एक खोकं ठेवलं आणि स्वतःच्या हातानं उघडलं. आत कोरा जपानी कॅमेरा होता. हिंदुरावकडचा त्याच्यापुढं खेळणं वाटावा असा. सोबत तीन भिंगं, चामड्याची पेटी.

“मालकांच्या घरी यंदा लग्न आहे,” रामहरी म्हणाले. “फोटो तुम्हीच काढायचे, ह्यानंच काढायचे, आणि मग हा तुमचाच. जुन्या पट्ट्या काय, खराब होतात. ओल लागते, हरवतात. तुम्हाला मी काय सांगू?”

शिवशरणची बोटं खोक्याकडं गेली होती. नव्या चामड्याचा वास येत होता. त्यानं कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. समोरच्या भुसाराच्या दुकानातली पोती अशी स्वच्छ दिसली की सुतळीचा टाकासुद्धा मोजता आला असता. त्यानं तो खाली ठेवायला हवा होता, पण ठेववेना.

“राहू द्या तुमच्याकडं,” रामहरी उठले. “मी उद्या येतो.”

दिवाणजी गेल्यावर शिवशरणनं एकेक भिंग लावून बघितलं. रागानं नाही, घाबरून नाही. आवडीनं बघितलं, आणि हे त्यालाही कळत होतं. गुरम्मा समोर येऊन बसली. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं.

“चांगला आहे?” तिनं विचारलं.

“फार चांगला आहे गं,” तो म्हणाला. “मी आयुष्यात असा हातात धरला नाही.”

“मग ठेवा. मी पट्टी जाळते.” ती खरंच उठली आणि आतून पट्टी घेऊन आली. काड्यापेटी काउंटरवर ठेवली. “तुम्ही सांगा, मी जाळते. पण नंतर मला म्हणू नका की भिंग वाईट आहे.”

रस्त्यानं टांगे गेले, गिरणीचा भोंगा झाला. मग शिवशरणनं एकेक भिंग पुसून जागेवर ठेवलं, पेटीचे बंद लावले आणि खोकं सायकलला बांधलं. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची त्याला भीती वाटत होती. ऊन तापलेलं असतानाच तो मालकाच्या बंगल्यावर गेला आणि रामहरींच्या हातात खोकं दिलं.

“विचार करा,” रामहरी म्हणाले. आवाज आता गोड नव्हता. “गावात मालकांच्या ओळखी आहेत. तुम्हाला लग्नं मिळणार नाहीत.”

“त्याचाच विचार करत आलो वाटभर,” शिवशरण म्हणाला. परत येताना तो सायकल हातात धरून चालत आला.

पट्टी त्यानं स्टुडिओत ठेवली नाही. त्याच संध्याकाळी बिरप्पाच्या हवाली केली आणि कागदावर तशी सही घेतली. पुढं कोर्टात मालकाच्या वकिलानं त्याला पुष्कळ उलटसुलट विचारलं. कॅमेरा किती जुना, अंधारात फोटो कसा येतो, धूळ कशावरून. शिवशरण अडखळत उत्तरं देत राहिला. न्यायाधीशांनी मोठा केलेला फोटो हातात घेतला, चष्मा सावरून पाहिला आणि वकिलाला बसायला सांगितलं. यल्लव्वाला भरपाई मिळाली. मालकाला शिक्षा मात्र फार झाली नाही.

दिवाणजींचं म्हणणं खोटं नव्हतं. पेठेतल्या बड्या घरांची लग्नं शिवशरणच्या हातून गेली. दोन वर्षं त्या घरात ओढाताण झाली. गुरम्मानं शिलाईचं काम धरलं. त्या दिवसांत नव्या पेठेतल्या काचेपाशी तो थांबलेला दिसायचा, आत मांडलेले कॅमेरे बघत. ओढ गेली नव्हती. ती आली की तो सायकल वळवून घरी यायचा आणि गुरम्माला सांगायचा, “आज पुन्हा थांबलो होतो.” ती म्हणायची, “बरं केलं, सांगितलंत.”

मग साखर पेठेतून बोलावणी येऊ लागली. विणकरांच्या घरची लग्नं, बारशी, म्हाताऱ्यांचे फोटो. त्यांच्या खोल्या अंधाऱ्या, एका बाजूला माग आणि दुसऱ्या बाजूला चूल. शिवशरण दार उघडं ठेवायला सांगायचा, स्टँड लावायचा आणि मान खाली घालून वाट बघायचा. आता त्याला घाई नसे. नवरी मान वर करून नीट बघेपर्यंत तो बटणाला हात लावत नसे.