साडेदहाला इंजिनाचा फोन

आमच्या घरात कुणाचं बारसं असलं की पाळण्याची दोरी सुटायच्या आत कुणीतरी मला म्हणतंच, "ती इंजिनाची गोष्ट सांगा." बारशात इंजिन कुठून आलं, असा प्रश्न नव्या सुना-जावयांच्या तोंडावर स्पष्ट दिसतो. जुनी मंडळी मात्र घुगऱ्यांची वाटी घेऊन भिंतीला टेकून बसतात. मी पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळे गोष्ट दर वेळी थोडी लांबते. इथे आवरून सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी डिझेल इंजिनांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होतो. कंपनीचा पेणमधला डेपो रामवाडीत होता. डेपो म्हणजे एक खोली, एक कपाट, एक पानेपेटी आणि मी. रोह्याच्या एका कारखान्यात वीज तयार करणारी आमची तीन मोठी इंजिनं होती. आठवड्यातून तीनदा एसटीने वडखळ, गडब, नागोठणं करत रोह्याला जायचं, तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान पाहून यायचं, हे माझं काम. इंजिनं ठणठणीत होती. मीच एसटीत बसून बसून खिळखिळा झालो होतो.

एक दिवस पुण्याहून मोठ्या साहेबांचा निरोप आला. पेणचा डेपो परवडत नाही, तो बंद करून मला गुजरातेत भरूचच्या साइटवर पाठवायचं घाटत होतं. मात्र एक वाट शिल्लक होती. रोह्याच्या इंजिनांना मॉडेम बसवायचा. रोज सकाळी साडेदहाला इंजिनांनीच पेणला फोन करून आपली तब्येत कळवायची. महिनाभर हे विनातक्रार चाललं तर डेपो राहील, कारण मग एकाच माणसाला पेणमध्ये बसून आणखी कारखाने सांभाळता येतील. महिन्याच्या शेवटी साहेब स्वतः पाहायला येणार होते.

आमच्या हिची रामवाडीतल्या बालवाडीत नोकरी होती. आईने तर जाहीरच केलं, "गुजरातेत आमटीत साखर घालतात म्हणे. तू जा, मी येणार नाय." म्हणजे माझा सगळा संसार एका डब्यावर येऊन ठेपला.

तो डबा मी रोह्याला मांडीवर घेऊन गेलो. हिने तो टॉवेलात गुंडाळून दिला होता. गडबला शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, "देवाचा हाय का?" मी म्हटलं, "फोनचा आहे." त्यांनी तरीही नमस्कार केला. माझ्या नोकरीला त्याची गरज होती, म्हणून मी अडवलं नाही.

इंजिनघरात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं तर त्याने कानाला तोंड लावावं लागायचं. मी केबिनमधल्या पॅनेलवर मॉडेम ठेवला, तारा जोडल्या, हिरवे दिवे लागले, आणि ऐटीत चहा प्यायला गेलो. परत आलो तर इंजिनावरचा ऑपरेटर पोट धरून हसत होता. "साहेब, तुमचा डबा घरी निघाला!" इंजिनाच्या थरथरीने मॉडेम चालत चालत कडेपर्यंत आला होता, तारांनी अडला म्हणून वाचला. जुन्या रबरी पॅकिंगचा तुकडा त्याच्याखाली घातला तेव्हा कुठे तो एका जागी बसला.

दुसरं टोक पेणला, आमच्या बाहेरच्या खोलीत. डेपोचा फोनचा अर्ज टेलिफोन ऑफिसात पिकत पडला होता, म्हणून कंपनीने संगणक माझ्या घरीच मांडला. घरच्या फोनला दुसरा मॉडेम जोडला. आता हा फोन कागदोपत्री आमचा असला तरी खरा मालक म्हणजे आमची आळी. आळीत पहिला फोन आमच्याकडे आला, त्यामुळे सगळ्यांच्या पाहुण्यांकडे आमचाच नंबर. आणि त्यावर सगळ्यात जास्त हक्क शेजारच्या काकूंचा.

काकूंचं माहेर खाडीकाठचं, मिठागरावरचं. लहानपणापासून वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारायची सवय, तीच फोनवर. अलिबागहून त्यांच्या बहिणीचा फोन आला की आई भात टाकायची. भात होऊन, निवून, आम्ही जेवून उठलो तरी काकू "मंग? मंग काय बोलली ती?" यावरच असत. आमच्या गच्चीवर त्यांचे पोह्याचे पापड वाळायचे आणि आमच्या खोलीत त्यांच्या गप्पा. दोन्हींना सारखाच वेळ लागायचा.

शिवाय रिंगांचा व्यवहार होता. त्या काळी फुकटात निरोप द्यायची ती रीतच होती. एक रिंग देऊन ठेवला म्हणजे "पोचलो". काकूंची लेक पनवेलला दिलेली, पहिलटकरीण. ती रोज सकाळी दोन रिंगा द्यायची. दोन रिंगा म्हणजे "मी बरी आहे." काकू पापड लाटता लाटता भिंतीपलीकडून कान देऊन त्या मोजायच्या.

हे सगळं ठाऊक असूनही मी मॉडेमला पहिल्याच रिंगला फोन उचलायला लावलं. इंजिनाला ताटकळत ठेवू नये, असा माझा विचार. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या लेकीने नेहमीप्रमाणे फोन लावला. तिकडून आई नाही, कुणी नाही, नुसतं "चीं… खर्र… टिंग." तिने तीनदा लावला, तिन्हीदा तेच. दुपारी ती आठव्या महिन्याचं पोट सांभाळत एसटीतून उतरली आणि दारातूनच ओरडली, "आये, तुझा फोन किंचालतंय! मला वाटला, घरावर काय तं पडला!"

काकूंनी लेकीला बसवलं, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. पुढचं मी बारशात सांगतो, लिहीत नाही.

सगळं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "या डब्यानं नाय ऐकला तं काय होईल रं तुझा?" मी गुजरातेचं सांगितलं. काकूंनी आईकडे पाहिलं, आमच्या हिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याला सांग, घाई करू नको. पयले मानसांच्या रिंगा होऊं दे, मंग उचल."

मी मॉडेम सहाव्या रिंगेवर लावला. रोह्याच्या डब्यालाही तेवढा धीर धरायला शिकवलं. पण ज्यांना खरंच बोलायचं असेल त्यांचं काय? तेही काकूंनीच सोडवलं. दोन रिंगा देऊन ठेवायचा आणि लगेच परत लावायचा. परत वाजला तर माणूस, घरच्यांनी उचलायचा. दोनच वाजून गप्प झाला तर लेक बरी आहे. आणि एकसारखा वाजत राहिला तर तो इंजिनाचा, त्याला कुणी हात लावायचा नाही.

मी हे नियम टाइप करून फोनवर चिकटवले. आईने त्यावर कालनिर्णय टांगलं. पण काकूंना कागद लागला नाही. अलिबागची बहीण, महाडचे पाहुणे, मुंबईचे भाचे, आळीतल्या प्रत्येक घराचे सोयरे, सगळ्यांच्या तोंडी त्यांनी ही रीत बसवली. बाजारात, एसटी स्टँडवर, हळदीकुंकवाला, भेटेल त्याला. आठ दिवसांत अख्ख्या आळीचा गोतावळा दोन रिंगा देऊन ठेवायला लागला. सकाळी साडेदहाच्या सुमाराला तर आमच्या फोनकडे कुणी फिरकेनासं झालं. फोन एकसारखा वाजायचा, सहाव्या रिंगेला मॉडेम किंचाळायचा, पडद्यावर आकडे उतरायचे. काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "तिघी बऱ्या हायत?" मी ओरडायचो, "बऱ्या आहेत!" इंजिनं त्यांच्या लेखी बाळंतिणी झाली होती.

महिना असा गेला आणि साहेबांचा दिवस उजाडला. त्याच पहाटे पनवेलच्या लेकीला तिथल्याच दवाखान्यात नेलं; दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं. अजून बरेच तास लागतील, असं डॉक्टर म्हणत होते. काकूंनी जावयाला निरोप दिला, "अकराच्या आत फोन लावू नको. आज इंजिनाची परीक्षा हाय." स्वतः मात्र आंघोळ करून सकाळपासून आमच्या खोलीत फोनसमोर पाटावर बसून राहिल्या. मी म्हटलं, "काकू, येऊ द्या फोन, काही बिघडत नाही." त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

साहेब दहाला आले. उंच, कमी बोलणारा माणूस. संगणक पाहिला, मॉडेम पाहिला, पाटावरच्या काकू पाहिल्या. मग म्हणाले, "इंजिन फोन करेल त्या वेळी लाइन एंगेज असेल तर?"

मी म्हटलं, "थोडं थांबून परत लावतं, सर. तीनदा. मग सोडून देतं."

"कधी झालंय तसं?"

झालं नव्हतं. काकूंनी होऊच दिलं नव्हतं. "नाही, सर," मी म्हटलं. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये मला भरूचचं स्टेशन दिसलं.

साडेदहाला थोडा अवकाश असताना फोन वाजला. एक. दोन. थांबला.

परत वाजला. माणूस! जावई अकरापर्यंत थांबू शकला नव्हता, आणि कुठला जावई थांबला असता? काकूंचा हात पुढे झाला आणि अधांतरीच राहिला. त्यांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. घड्याळाचा काटा साडेदहावर येत होता. फोन दोनदा, तीनदा वाजला.

"घ्या, काकू," मी म्हटलं. "आधी घ्या."

त्यांनी उचलला. मी मनात हिशेब मांडला. तीन प्रयत्न. काकूंचं साधं "बरी हाय का?" विचारून व्हायलाच तेवढा वेळ लागतो, आणि ही तर पहिली नात किंवा नातू.

"हां," काकू म्हणाल्या. "पोरगी? बरी हाय? आन् ती? ठेव आता. इंजिनाला येऊं दे."

आणि ठेवला.

ज्या बाईला वांग्याचा भाव सांगायला भात शिजेपर्यंतचा वेळ लागायचा, तिने आपल्या पहिल्या नातीचा जन्म एका श्वासात उरकला. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान फोनमध्ये बसवलेली मी पुन्हा पाहिली नाही. काकूंनी पदराचा बोळा तोंडाला लावला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून हूं नाही. जणू त्या हुंदक्यानेही लाइन एंगेज होईल. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. साडेदहा वाजून गेले. इंजिनाला एकदा एंगेज मिळून गेलं असणार. मी मॉडेमकडे बघत होतो, साहेब काकूंकडे.

फोन वाजला. एक. दोन. सगळे थिजलो. तीन. काकूंनी पदराआडून मान हलवली, इंजिनच ते. चार, पाच, सहा. "चीं… खर्र… टिंग." दिवे लुकलुकले. पडद्यावर तेलाचा दाब आला, पाण्याचं तापमान आलं, एकेका इंजिनाची ओळ शहाण्या मुलीसारखी खाली उतरली. परत लावून आलेला फोन होता तो. साहेबांना हवं होतं तेच, आणि मी कितीही धडपडलो असतो तरी इतकं नीट दाखवू शकलो नसतो.

मॉडेमचे दिवे शांत झाले. काकूंनी विचारलं, "झाला तिचा बोलून? तिघी बऱ्या?"

"बऱ्या आहेत, काकू."

मग त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, आता मी बोलू?"

साहेब खुर्चीवरून उठले. फोन त्यांनी स्वतः काकूंच्या पाटाजवळ आणून ठेवला. "बोला, आई. सावकाश बोला."

आणि काकू बोलल्या. आधी जावई, मग त्याची आई, मग दवाखान्यातली आया, मग पुन्हा जावई. नाक कुणावर गेलंय, जावळ किती आहे, रडली का लगेच, डिंकाचे लाडू कुणी करायचे. आवाज खाडीपल्याड पोचेल असा. साहेबांना पुण्याला फोन करून डेपोचं काय ते कळवायचं होतं. मला ते ऐकायचं होतं. दोघंही शेजारी शेजारी बसून राहिलो. दोनदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दोनदा स्वतःशीच हसले.

शेवटी वाकून ते माझ्याशी काहीतरी बोलले. नेमकं तेव्हा काकू विचारत होत्या, "काय बोलता? दोन्ही गालाला खल्या?" त्यामुळे मला एक अक्षर ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत होईना. पण आमची ही त्यांच्या पलीकडे ताटली घेऊन उभी होती, तिने ऐकलं. ती आत गेली, काकूंच्याच हातचे पोह्याचे पापड तळून आणले, साहेबांच्या ताटलीत दोन ठेवले आणि उरलेले सगळे माझ्या पुढ्यात. जाता जाता आईला म्हणाली, "आपल्या आमटीत साखर पडत नाही आता."