मोठ्याबाई पुढे, भासरे मागे

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. वर्ध्याला कॉलेज करून आलेल्या मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण नवी नवरी, भांडणार कुणाशी? मी पदर घेतला आणि जीभ बाकी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली.

भासरे फौजेत होते. नव्वदच्या आसपासची ती वर्षं. शांतिसेनेबरोबर लंकेला गेलेले ते परतले आणि पुढे पेन्शन घेऊन घरीच आले. आम्ही बौद्ध. लंका म्हटली की सासूबाईंच्या डोळ्यांपुढे विहारं आणि बोधिवृक्ष. लेक त्या झाडाचं पान आणणार, आपण ते काचेत बसवून भिंतीवर लावणार, असं त्यांनी शेजारणींना सांगूनही ठेवलं होतं. लेक रिकाम्या हातांनी आला.

"पान कुठी हाये रे?" त्यांनी विचारलं.

"माय, तिथं झाडाकडं कोणी पाहत नोतं. सगळे जमिनीकडं पाहत."

"बुद्धाच्या देशात लढाई कशी असन?" असं पुटपुटत त्या चुलीकडे वळल्या.

जमिनीकडे पाहण्याचा अर्थ आम्हाला वखरणीच्या दिवसांत कळला. डांबरी रस्त्यावर, अंगणात, आर्वीच्या बाजारात भासरे चारचौघांसारखे चालायचे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचले की थांबायचे. पाऊल उचलायचे, पुन्हा मागे घ्यायचे. सदरा घामानं चिंब व्हायचा. तिकडे मातीत सुरुंग पुरलेले असत, आणि आपली माती तर वखरून आणखीच भुसभुशीत केलेली. कुणी म्हणे बाहेरची बाधा आहे, बुवाला दाखवा. आमच्या घरात अंगारेधुपारे वर्ज्य, म्हणून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, भीती खोटी आहे हे यांच्या डोक्याला कळतं, पायांना कळायला वेळ लागेल.

पायांना कळेपर्यंत शेत कुठं थांबतंय? सासरे नव्हते, माझा नवरा एसटीत नोकरीला. शेत बटाईनं, अर्ध्या वाट्यानं कुणाला कसायला द्यावं असं घरात ठरत आलं होतं. भासरे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बोलल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी मोठ्याबाई म्हणायची.

"शेत देलं तं हा मानूस खाटेवरून उठनार नाई. मंग मी वावराचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लुगडं वर खोचलं, धुऱ्यावर नवऱ्याला उभं केलं आणि स्वतः वखरलेल्या मातीत उतरल्या. प्रत्येक पाऊल दाबून ठेवलं. मागे वळून म्हणाल्या, "मी जिथं पाय ठेवला तिथंच ठेवा. या." आणि भासरे गेले.

आमच्याकडे नवरा पुढे चालतो, बायको मागे. त्यामुळे गावाला आयतीच करमणूक झाली. फौजी लढाई करून आला अन् बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला, असं पारावर बोलत. मोठ्याबाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी तिथंच उभं राहून सुनावलं, "मांजर असो नाईतं वाघ, माह्या घरचा हाये. तुमी आपापल्या घरचं पाहा." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दोन हंगाम त्या अशाच पुढे चालल्या. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे सुचलं कसं, याचं मला कोडं नाही. नवऱ्यावर जीव होता, म्हणून सुचलं.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी त्यांचा भाऊ फटफटी घेऊन आला. आई पडली होती. मोठ्याबाई शेतातूनच निघाल्या. जाता जाता घरासमोर मला ओरडून म्हणाल्या, "संध्याकाळी यायले घेऊन येजो!" भासऱ्यांना आणायचं, मी मान हलवली. भासरे शेताच्या मधोमध खोपडीत, राखणीच्या झोपडीत होते. दुपारून अवकाळी सर येऊन गेली.

संध्याकाळी धुऱ्यावर पोचले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळची पावलं सगळी पुसून गेली होती. आता मीच आत जायचं, आणि भासऱ्यांना पाठ दाखवून त्यांच्या पुढे चालत यायचं! म्हटलं, गेली रीत खड्ड्यात. मी चप्पल काढली, पाय उचलला.

"थांब!" खोपडीतून आवाज आला. "बाई, तू आत नको येऊ. तिथंच राह्य."

मी पाय मागे घेतला. भासरे खोपडीबाहेर आले आणि एकटेच चालू लागले. समोर कुणी नाही, कुणाचं पाऊल नाही. ओठ घट्ट मिटलेले. प्रत्येक पाऊल उचलून क्षणभर अधांतरी धरत, मग खाली ठेवत. पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडांच्या ओळीतून ते येत राहिले. धुऱ्यावर पोचले आणि मटकन खाली बसले. माझा पदर केव्हाच खांद्यावर आला होता.

"तिकडं माह्यापुढं एक जवान होता," मातीकडे पाहत ते म्हणाले. "त्याच्या पावलावर पाय ठेवत गेलो, म्हनून मी वाचलो. तो गेला. आता कोनाच्या लेकीले पुढं घालून मी घरी कसा जाऊ?"

असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मोठ्याबाई परतल्यावर मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. हात थांबले.

"तुह्यासाठी एकटे आले?"

"हो."

"मी दोन सालापासून पुढं चालून राह्यली. मले कदी थांब म्हनलं नाई."

डोळे भरून आले त्यांचे.  भासरे दारात उभे होते ते आम्हाला तेव्हा दिसलं.

"रोज मनात थांब म्हनत होतो," ते म्हणाले. "तू थांबली असती तं मी खाटेवरच मेलो असतो. म्हनून तोंडातून काढलं नाई."

दुसऱ्या सकाळी वेचणीला आम्ही तिघं गेलो. धुऱ्यावर मोठ्याबाई बाजूला सरल्या. भासरे पुढे झाले. दर काही पावलांनी मागे वळून सांगत, "बरोबर माह्या पावलावर ये." आणि त्या जमिनीत जन्म काढलेल्या, तिला कधीच न भ्यालेल्या मोठ्याबाई, त्यांच्या प्रत्येक ठशात आपला पाय नीट बघून ठेवत गेल्या.